गुलबक्षीचं विरजण

विमलताई देवपुजारींनी लग्न होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. माहेर नागपूरचं, तिथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. लग्नानंतर त्या कॅनडात आल्या, स्कारबरोच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी हयात लोकांचं रक्त तपासण्यात घालवली, आणि इथेही वाट्याला आलं ते तळंच. भलंमोठं, पलीकडचा काठ न दिसणारं, पण गोडं. रिटायर झाल्यावर इथल्या आपल्या बायका भजनी मंडळ काढतात, नाहीतर थंडीभर फ्लोरिडाला जाऊन बसतात. विमलताईंनी आपल्या बेसमेंटमध्ये समुद्र आणून ठेवला.

"लहानपणी ज्योतिषाने सांगितलं होतं न, मुलीला मंगळ आहे, पोवळं घाला म्हणून," त्या सांगायच्या. "बाबांनी काही मनावर घेतलं नाही. मग म्हातारपणी मीच घातलं. बोटात नाही, टाकीत."

मी त्यांची शेजारीण. पुण्याहून नुकतीच आलेली, भिंतीला भिंत लागून घर, आणि तरी पहिले तीन-चार महिने आमची ओळख 'हाय-बाय'च्या पुढे गेली नव्हती. दोष अर्थात माझ्या गावाचा. आमच्याकडे कोणी दार वाजवलं की आधी साखळी लावून, फटीतून बघायची पद्धत. ती फट विमलताईंनी एका हिवाळ्यात कायमची उघडली.

त्या सकाळी पाऊस पडता पडताच गोठत होता. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या होत्या आणि कडाकड मोडून तारांवर पडत होत्या. वीज गेली. मी स्वेटरवर स्वेटर चढवत असताना दार वाजलं. फटीतून पाहिलं तर गाउनवर भलामोठा पार्का कोट, पायात स्नो बूट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तुझ्याकडे भांडं आहे का? आणि हात रिकामे आहेत का?"

पहिलीच भेट, त्यातून वयाने मोठी बाई. मी लगबगीने आईने दिलेला पितळेचा तांब्या घेऊन निघाले. विमलताईंनी तो पाहिला मात्र, दोन पावलं मागे सरल्या. "पितळ? ठेव तो घरातच. तांबं-पितळ माझ्या समुद्राजवळ आणायचं नाही. त्याचा अंश उतरला तरी जीव जातात. स्टीलचं घे, नाहीतर प्लास्टिकचं."

त्यांच्या बेसमेंटमध्ये टॉर्चच्या उजेडात मी ती टाकी पहिल्यांदा पाहिली. भिंतभर लांब. समोरच्या घरातलं तमिळ जोडपं आधीच येऊन स्टीलच्या भांड्यांनी पाणी वर उचलून परत खाली ओतत होतं. वीज गेली की पंप थांबतात, पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू संपतो. तो असा हाताने मिसळावा लागतो. टाकीभोवती घरातल्या सगळ्या रजया गुंडाळलेल्या. देवपुजारी काका, म्हणजे विमलताईंचे यजमान, वरच्या गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरभरून खाली आणत होते, आणि विमलताई त्या टाकीत तरंगत सोडत होत्या. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही पाळीपाळीने पाणी ओतत होतो. माझे खांदे भरून आले. 'माशांसाठी एवढं?' असं मनात येत होतं, पण म्हणायची छाती नव्हती.

मग वीज आली, टाकीवरचे निळे दिवे लागले आणि मला कळलं की मासे तिथे निमित्तालाच होते. आत जंगल होतं. दगडाच्या फांद्या, त्यांना बोटाएवढ्या उपफांद्या, आणि प्रत्येक फांदी वेगळ्या रंगाची. पोपटी, निळी, संत्र्याच्या सालीसारखी. फांदीच्या अंगभर बारीक बारीक तोंडं, आणि ती हळूहळू उमलत होती. "हे प्रवाळ. झाड नाही बरं," विमलताई म्हणाल्या. "प्राणी आहेत. हजारो. सगळे मिळून एक दगडाचं घर बांधून राहिले. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये असं कधी पाहिलं का तू?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरातली झाले.

विमलताईंच्या टाकीत कशालाही पुस्तकी नाव नव्हतं. हिरवी ती 'कैरी', निळी ती 'मोरपंखी', नारिंगी ती अर्थातच 'नागपूर'. आणि मधोमध, सगळ्यात उंच दगडावर, 'गुलबक्षी'. बुंध्याला गडद गुलाबी आणि टोकांना जांभळी, संध्याकाळी फुललेल्या गुलबक्षीच्या रंगाची. टाकीतली सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात नखरेल. पाण्यात जरा कमीजास्त झालं की आधी हिचं तोंड उतरायचं.

प्रवाळ सांभाळणं म्हणजे काय करायचं, असं कोणी विचारलं की विमलताईंचं उत्तर एकच असे: "विरजण लावल्यावर ढवळत नाहीत." नवा माणूस हा उत्साही प्राणी. आज दिवा बदलेल, उद्या दगड हलवेल, परवा बाटलीतलं काहीतरी ओतेल. अशा माणसाला त्या टाकीसमोर खुर्चीवर बसवत, हातात चहाचा कप देत आणि म्हणत, "पाहा. नुसतं पाहा. हात मांडीवर."

ही खुर्चीची शिक्षा त्यांनी स्वतः भोगलेली होती. मॉन्ट्रियलजवळ लव्हालमध्ये रोलां नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. गुलबक्षी मुळात त्यांची. ती विकायची नाही, हा त्यांचा नियम. विमलताई काकांना गाडी चालवायला लावून ऐन जानेवारीत तिथे जाऊन थडकल्या. रोलांनी त्यांना टाकीसमोर बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेले. तासाभराने येऊन पाहतात तर बाई तशाच बसलेल्या, आणि काका शेजारी घोरत असलेले.

"त्यांना इंग्रजी बेताचं, मला फ्रेंच शून्य," विमलताई सांगायच्या. "शेवटी ते फ्रेंचमध्ये बोलले, मी नागपुरी हिंदीत. काही अडलं नाही." रोलांनी गुलबक्षीचा नखाएवढा तुकडा मोडून दिला. किंमत म्हणून वचन घेतलं: हा वाढला की चार जणांना द्यायचा. एकाच घरात ठेवायचा नाही. वीज जाते, यंत्रं बिघडतात, माणसं म्हातारी होतात.

"मी म्हटलं, अहो, हे तर विरजण! आमच्या गल्लीत एकीचं दही नासलं तर ती वाटी घेऊन दुसरीकडे जायची. कोणी नाही म्हणत नसे. गल्लीभर सगळ्यांच्या घरचं दही एकच होतं न बाप्पा."

परतीच्या वाटेवर तो तुकडा डब्यात, डबा विमलताईंच्या कोटाच्या आत पोटाशी, आणि गाडीचा हीटर पूर्ण सोडलेला. बाहेर उणे वीस, आणि काका आत बनियनवर गाडी चालवत होते. एका पेट्रोल पंपावर ते तसेच खाली उतरले म्हणे. तिथला पोरगा अजून ती गोष्ट लोकांना सांगत असेल.

वचन विमलताईंनी असं पाळलं की रोलांनाही ते सुचलं नसतं. टोरोंटोभरच्या प्रवाळवाल्यांचं एक मंडळ होतं. बहुतेक पुरुष, बहुतेक टॅटूवाले. विमलताईंनी त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. घरात एकीकडे काठापदराच्या साड्या, दुसरीकडे हॉकीच्या जर्सी घातलेले बाप्ये. प्रत्येकाला तिळगूळ दिला, कपाळाला कुंकू लावलं आणि वाण म्हणून पाण्याच्या पिशवीत एकेक प्रवाळाचा तुकडा हातावर ठेवला. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी कुजबुजून विचारलं, "पुरुषांना हळदीकुंकू?" विमलताई मोठ्याने म्हणाल्या, "काहून? सौभाग्य त्यांना नको आहे का?"

एक नियम मात्र त्या कधी मोडत नसत. तिन्हीसांजेनंतर विरजण द्यायचं नाही, तसा तुकडाही द्यायचा नाही. लक्ष्मी जाते. वॉनच्या एका गोदामात ट्रकांच्या पाळ्या लावणारा गुरमीत म्हणून एक सरदारजी होता. बिचारा कामावरून सुटून यायचा तोवर बाहेर अंधार. "आंटीजी, एक छोटा सा?" "संडे को. सुबह." तो पुन्हा रविवारी सकाळी यायचा. गुरमीतच्या टाकीत काहीच रंगत नसे. सगळ्या फांद्या वर्षाच्या आत खाकी. मंडळात त्याची थट्टा व्हायची, आणि विमलताईही मागे राहत नसत. "हा माणूस कैरीचा चहा करतो," त्या म्हणायच्या. पण संक्रांतीला त्यालाही गुलबक्षी दिलीच.

आता काकांविषयी सांगायला हवं. देवपुजारी काका रिटायर्ड इंजिनियर, अबोल, शिस्तीचे. त्यांचा एक तांब्याचा हंडा होता. आईकडून आलेला, विमानातून मांडीवर बसून आलेला. रोज रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्या उठल्या प्यायचं. दर रविवारी चिंच लावून तो असा लखलखीत घासायचा की त्यात तोंड दिसावं. हंडा स्वयंपाकघरात, टाकी बेसमेंटमध्ये. दोघांच्या सीमा ठरलेल्या होत्या आणि संसार सुखाचा चालला होता.

मुलीच्या बाळंतपणासाठी विमलताई कॅलगरीला गेल्या. एवढे दिवस टाकीपासून लांब राहण्याची ही पहिलीच वेळ. काकांना सगळं दाखवून ठेवलं होतं. समुद्राचं पाणी आटतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज थोडं गाळलेलं गोडं पाणी वरून घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. काकांनी ते इतक्या निष्ठेने केलं की मी कधी गेले तर ते टाकीपाशीच असायचे, घड्याळ बघत.

परत आल्यावर विमानतळावरून मीच त्यांना घरी आणलं. त्या कोटासकट थेट खाली गेल्या. मी मागोमाग. काचेवर एरवी चिकटून फिरणारे शंख सगळे खाली वाळूत पडले होते. फांद्या बुंध्यापासून पांढऱ्या पडत चालल्या होत्या. गुलबक्षीला टोकांपाशीच काय तो रंग उरला होता.

विमलताईंनी तपासणीचा संच काढला. लॅबमध्ये आयुष्य गेलेली बाई. पाण्यातलं एकेक तपासलं. मीठ बरोबर, उष्णता बरोबर, नेहमीचं सगळं बरोबर. मग त्या पडलेल्या शंखांकडे पाहत राहिल्या. तांब्याने आधी शंखच जातात. त्यांची नजर हळूहळू कोपऱ्यात गेली. तिथे काकांचा हंडा होता. लखलखीत, ओला.

काका जिन्यात उभे होते. "त्या प्लास्टिकच्या डब्यातल्या पाण्यात काय सत्त्व असणार, विमल? म्हणून रात्रभर हंड्यात ठेवून मग घालत होतो. पण हंडा टाकीला लागूसुद्धा दिला नाही. पाणी ओतायचा जगसुद्धा प्लास्टिकचाच होता."

त्यांनी नियम अक्षरशः पाळला होता. टाकीत तांबं नको, ते त्यांनी घातलं नव्हतं. पण गाळून गाळून निर्मळ झालेलं पाणी, चिंचेने उघडं पडलेलं तांबं आणि सबंध रात्र. जे माणसाला चांगलं ते सगळ्यांना चांगलं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

"अहो," विमलताई म्हणाल्या, "पाणी रात्रभर त्यातच होतं न." काका जिन्याच्या पायरीवर बसले. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी वर सटकायच्या बेतात होते. विमलताईंनी कोट काढला, बाह्या सारल्या. "उठा. बादल्या भरायच्या आहेत."

पाणी बदललं, तांबं शोषून घेणारा कोळसा घातला, दगड काढून धुतले. गुलबक्षीची जिवंत टोकं कापून वेगळ्या बादलीत ठेवली. तीही चार दिवसच टिकली, मग गेली. बघता बघता टाकीत पांढरी हाडं उरली. लव्हालला फोन केला तर रोलांच्या मुलीने सांगितलं की ते पडले, खुबा मोडला, टाकी केव्हाच निकाली काढली.

काकांनी हंडा गॅरेजमध्ये नेऊन टाकला आणि बेसमेंटमध्ये पाऊल टाकणं बंद केलं. जेवायचे, पेपर वाचायचे, टीव्हीपुढे बसायचे, पण जिन्याकडे बघायचे नाहीत. विमलताई एकदा माझ्याकडे चहाला आल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. "प्रवाळ गेलं ते गेलं, गं. माणूस खाली येत नाही त्याचं मी काय करू? समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. गुलबक्षी परत उभी राहिली पाहिजे. त्याशिवाय हे यायचे नाहीत."

बातमी प्रवाळवाल्यांच्या मंडळात मीच पोचवली. टाकीचं पाणी निर्धोक झालं, नवे शंख काचेवर चढून फिरायला लागले, त्याच्या पुढच्याच रविवारी देवपुजारींच्या ड्राइव्हवेवर गाड्यांची रांग लागली. जो तो हातात पाण्याची पिशवी घेऊन. फिलिपिनो नर्स मारिसेल सगळ्यांच्या पुढे. "विमल, धिस इज युअर कैरी," ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द चांगला रुळला होता. मोरपंखी आली, नागपूर आली. विमलताई दारात साडीचा पदर पसरून उभ्या होत्या आणि ते टॅटूवाले बाप्ये एकेक पिशवी पदरात ठेवत होते. खणानारळाची ओटी मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. ही पाहून माझा मात्र बांध फुटला.

पण त्या ओटीत गुलबक्षी नव्हती. ती नखरेल बाई कोणाकडेच टिकली नव्हती. एकाची उन्हाळ्यात गेली, एकाची घर बदलताना. मारिसेलने मान खाली घातली.

दोन दिवसांनी, दिवेलागण होऊन गेल्यावर, गुरमीत आला. गोदामातून थेट, अंगात पिवळं जाकीट. हातातल्या डब्यात चहाच्या रंगाची एक काटकी.

"आंटीजी, ये वही है. ज़िंदा है. बस, रंग मेरे पास कभी आया नहीं."

विमलताईंनी डबा दिव्याखाली धरला. त्या खाकी काटकीच्या अंगावर बारीक तोंडं उघडत होती. मी घाईने आठवण करून दिली, "विमलताई, तिन्हीसांज होऊन गेली."

"देऊ नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "घेऊ नये असं कोणी म्हटलंय?" आणि गुरमीतला हाताला धरून आत नेलं, जेवायला वाढलं आणि आजवर केलेल्या सगळ्या थट्टेबद्दल त्याची माफी मागितली. तो लाजून चूर झाला. नंतर त्या मला म्हणाल्या, "याने कधी काही ढवळलंच नाही, पाहिलंस? कामातून वेळच नव्हता. म्हणून वाचली."

मग सुरू झालं वाट बघणं. काटकी मधल्या दगडावर बसवली. दिवा आधी मंद, मग हळूहळू वाढवत. सबंध हिवाळा ती खाकीच राहिली. माझा धीर सुटला होता, विमलताईंचा नाही. रोज चहाचा कप घेऊन खुर्चीत, हात मांडीवर. बर्फ वितळलं, ट्यूलिप येऊन गेले, आणि एका दुपारी त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. काटकीच्या टोकावर जांभळा ठिपका होता, मोहरीएवढा. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरून त्या बेसमेंटमध्ये फुगडी घातली. एक सत्तरीची, एक चाळिशीची. गुडघे दोघींचेही बोलले.

काकांना त्यांनी लगेच सांगितलं नाही. पावसाळा, म्हणजे आपला नागपूरचा पावसाळा, संपायच्या सुमाराला गुलबक्षी बुंध्यापासून टोकापर्यंत रंगली. तेव्हा कुठे त्यांनी जिन्यातून हाक मारली, "अहो, पंपाचा स्क्रू अडकलाय. आमच्या दोघींच्याने निघत नाही." इंजिनियर माणूस, अडकलेल्या स्क्रूला नाही म्हणवेना. हातात पाना घेऊन पायरी पायरी उतरत खाली आले आणि टाकीसमोर थबकले.

"ही तीच?"

"तीच. दुसरी कुठून आणणार?"

काका बराच वेळ पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग खाकरून म्हणाले, "रोजचं पाणी कोण घालतं?"

"आजपासून तुम्ही," विमलताई म्हणाल्या.

गॅरेजमधला हंडा त्याच संध्याकाळी परत आला. स्वयंपाकघरात, आपल्या जागी.

पुढच्या संक्रांतीला गुलबक्षीची पहिली फांदी गुरमीतला मिळाली, दुसरी मारिसेलला. त्यानंतरच्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी व्हँकुव्हरला लागली आणि आमचं सामान बांधायला सुरुवात झाली. त्याच दिवसांत लव्हालहून फोन आला. रोलां चालायला लागले होते, मुलीच्या घरी छोटीशी टाकी मांडली होती, आणि बिचकत बिचकत विचारत होते की त्यांच्या त्या जुन्या प्रवाळाचं कुठे काही उरलंय का.

गाडी मी चालवली. जानेवारीच होता. हीटर पूर्ण सोडलेला, मी घामाघूम, आणि मागच्या सीटवर काका. या वेळी डबा त्यांच्या कोटाच्या आत होता. किंग्स्टनला चहाला थांबलो तेव्हा विमलताई म्हणाल्या, "द्या, मी धरते थोडा वेळ." काकांनी नुसती मान हलवली. वॉशरूमलाही ते डबा घेऊनच गेले.

रोलां काठी टेकत दारात आले. विमलताई एक पाऊल मागे झाल्या आणि काकांना पुढे ढकललं. काकांनी कोटाची चेन उघडून, दोन्ही हातांनी डबा पुढे केला. झाकण उघडल्यावर रोलां आत पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "से एल." ही तीच.

"हो न बाप्पा," विमलताई मराठीत म्हणाल्या. "विरजण परत करायला आलो."

रोलांना यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते हसत आत वळले. तेवढ्यात काकांनी त्यांची बाही धरली. अख्ख्या प्रवासात न बोललेला तो माणूस घसा साफ करून, एक बोट वर करून, अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मिस्टर रोलां. वन थिंग. नो कॉपर."

विमलताई त्या परक्या दारात, बुटांवर बर्फ घेऊन, चौकटीला धरून पोटभर हसल्या. आता व्हँकुव्हरला बसून त्यांची आठवण काढली की त्या मला दिसतात त्या अशा.